मणाईच्या देवळातली पालथी पानं

दुर्डेवाडीच्या टेकडीवर मणाईचं देऊळ आहे. आत भिंतीवर मण्यांची पानं ओळीनं टांगलेली दिसतात. पान म्हणजे तळहाताएवढं कार्ड. जुन्या लुगड्याच्या चिंध्या खळीनं एकावर एक चिकटवून ते कडक करतात आणि छोट्या मागावर विणलेली मण्यांची नक्षी त्यावर बसवतात. पण देवळात नक्षी भिंतीकडे असते. गाठी आणि दोऱ्यांची टोकं लोकांकडे. नवा पाहुणा हमखास एखादं पान सरळ करायला हात पुढं करतो. तेव्हा गुरव हळूच म्हणतो, "राहू द्या बाबा, ते सरळच आहे."

याला कारण बनाई, असं सांगतात.

बनाई कासाराच्या घरची. मणी विणणाऱ्या बायकांत ती एकटीच डावरी. माग उतरवला की प्रत्येक ओळीचा दोरा पानातून मागं ओढून गाठ मारतात. साऱ्याजणींच्या गाठी एका काठाला यायच्या, बनाईच्या दुसऱ्या. समोरच्या दारातली सरसू तिला चिडवायची, "बने, तुझी सुई माहेराकडं पळते बघ!" दोघी एकाच माहेरच्या, एकाच मांडवातून सासरी आलेल्या.

बनाईची लेक चंद्री. तापात तिची वाचा गेली. बनाईनं मणाईला नवस केला, "लेकीला बोलती कर, माझ्या हातचं पान तुला वाहते." तेव्हा तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा चढत होता. सुई ओवायला सरसू यायची. बनाईनं हिरव्या मण्यांचा पोपट विणला, चोच उघडलेला. पुन्हा आपल्याला विणता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

जत्रेच्या दिवशी चंद्रीला परत ताप भरला. बनाईला घर सोडवेना.

"दे इकडं," सरसू म्हणाली. "मी वाहते चंद्रीच्या नावानं. का भरवसा नाही माझा?"

"तुझा नाही तर कुणाचा गं?" म्हणत बनाईनं पान तिच्या ओंजळीत ठेवलं.

सरसू परत आली ती देवीचं कुंकू घेऊन. चंद्रीच्या कपाळाला लावत म्हणाली, "वाहिलं गं. देवी हसली बघ."

ताप उतरला. चंद्री मात्र बोलली नाही. वर्ष सरत आलं. बनाईला तोवर पार दिसेनासं झालं. ती स्वतःलाच बोल लावू लागली. सरसूला म्हणायची, "एखादा मणी चुकला असेल का गं माझ्या हातून?"

"असेल बाई," सरसू म्हणायची. "डोळे तरी कुठं धड होते तुझे."

पुढच्या जत्रेला बनाई लेकीचा हात धरून टेकडी चढली. देवीची क्षमा मागायची होती. गुरवाकडं तिनं पोपटाचं पान मागितलं.

"पोपटाचं? ते तर सरसूचं," गुरव म्हणाला. "सुनेची कूस उजवू दे म्हणून वाहिलंय तिनं. पाठीला मखमल लावलीय, असं पान पहिलंच."

बनाईनं पान हातात घेतलं. पोपटावरून बोटं फिरवली. एकही मणी चुकला नव्हता. मग तिनं पान पालथं केलं. गाठी असायला हव्यात तिथं मऊ मखमल लागली. पाठ कधी कुणी झाकत नसे. ही झाकली होती, म्हणजे तिथं काय आहे ते झाकणारीला ठाऊक होतं.

सरसू मागंच उभी होती. घाईनं म्हणाली, "देवीला गाठी टोचू नयेत म्हणून लावली गं."

बनाईचा आवाज चढला नाही, असं सांगतात. "नातू हवा होता तर मला सांगायचं. दोघींच्या नावानं एकच पान वाहिलं असतं. वर्षभर मी मणी चुकला म्हणून झुरत होते, सरसे, आणि तू समोर बसून मान हलवत होतीस."

तिनं मखमल फाडली नाही. पान चाचपत खुंटीला लावलं, पाठ लोकांकडं करून. खळीनं चिकटलेलं कापड असं सहजी सुटत नाही. पण सगळ्यांच्या देखत ते सुटलं, म्हणे, आणि सरसूच्या पायाशी पडलं. गाठी दुसऱ्या काठाला होत्या.

चंद्रीनं त्या गाठींवर बोट ठेवलं आणि "आई" म्हणाली, असं काहीजण सांगतात. काही म्हणतात, नुसतंच बोट ठेवलं. गावात दोन्ही सांगतात.

बनाई घरी आली आणि तिनं पुढचं दार लावून घेतलं. सरसूच्या दारासमोरचं ते दार तिनं पुन्हा उघडलं नाही. मरेपर्यंत ती परसातून ये-जा करत राहिली.

आजही दुर्डेवाडीत पानाची पाठ कुणी झाकत नाही. शहरातली दुकानं मागून छान कागद लावा म्हणतात, बायका नाही म्हणतात. नवसाचं पान कुणी शेजारणीच्या हाती देत नाही. आजारी असली तरी बाई डोलीतून वर येते. आणि भिंतीच्या टोकाला एक जुनं पान आहे, गाठी दुसऱ्या काठाला असलेलं. त्यावरचा पोपट अजून कुणी उलटून पाहिलेला नाही.