वीतभर दोरा

"तेच यंत्र, तीच खोली, तोच माणूस. मग आवाज आताच वेगळा का येतो, चाचा?"

उल्हासनं हे तिसऱ्यांदा विचारलं. मणेरचाचा स्टुलावर बसून अजून खोलीच बघत होते.

खोली बघण्यासारखी होती खरी. भिंतींना काळ्या फोमचे चौकोन, खिडकीवर उभी केलेली गादी, दाराच्या फटीत जुन्या चादरीची गुंडाळी. पंखा उतरवलेला. मधोमध माईक, त्याच्यापुढं गोल जाळी. सांगलीत भर दुपारीही इथं बसलं की कानात दडे बसल्यासारखं वाटायचं.

आणि माणूसही काही ऐरागैरा नव्हता. उल्हास अवसरेचा आवाज सांगलीत घराघरांत पोचलेला. दह्याची जाहिरात त्याची, पतसंस्थेची त्याची, नाट्यगृहात 'कृपया मोबाईल बंद ठेवा' असं बजावणारा आवाजही त्याचाच. आपल्या आवाजात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय, असं तो तोंडानं कधी म्हणत नसे. समोरच्याला ते आपोआप कळावं, याची काळजी मात्र घेत असे.

असा माणूस स्वतःहून मणेरचाचांना रिक्षात घालून घरी घेऊन आला, म्हणजे पाणी गळ्याशी आलं होतं.

चाचांनी रेडिओवर तीस वर्षं ध्वनिमुद्रण केलेलं. भल्याभल्यांना त्यांनी माईकपुढं बसवलं होतं आणि उठवलंही होतं. आता वय अठ्ठ्याहत्तर. डावा कान गेलेला, उजव्यात यंत्र. आवाजाचं दुखणं दाखवायला बहिऱ्याला आणलंय, म्हणून उल्हासची बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसली होती.

"काय काय केलंस?" चाचांनी विचारलं.

"सगळं केलं. सकाळी नऊची वेळ ठरवली. त्याआधी दूध नाही, चहा नाही. खुर्चीच्या पायांना जमिनीवर खडूच्या खुणा केल्या. केबल बदलली. माईकसुद्धा बदलला."

"मग?"

"एकशे अकरा पानं एकसारखी आली. एकशे बारावं येत नाही."

"किती वेळा घेतलंस?"

"सतरा."

"काय होतं?"

"आवाज लांब जातो. शेजारच्या खोलीतून कुणी वाचावं तसा. मागाहून मशीनवर वाढवायला जावं, तर त्याच्याबरोबर खोलीची घरघरही वाढते."

चाचांनी मान हलवली. हे दुखणं त्यांच्या ओळखीचं असावं.

"पुस्तक कुणाचं?"

"पुस्तक नाही. वही आहे. बाबांची."

उल्हासचे वडील तासगावात शिंपी होते. पन्नास वर्षं मशीन चालवली, आणि सत्तरी उलटल्यावर आपला सगळा जन्म एका जाड वहीत लिहून काढला. शाईच्या पेनानं, पानांवर आकडे घालून. चार वर्षांपूर्वी बायको, म्हणजे उल्हासची आई, गेली, तेही त्यात लिहिलं. मग काचबिंदूनं डोळे गेले आणि स्वतः लिहिलेलं स्वतःलाच वाचता येईना. एवढ्या मोठ्या आवाजाचा मुलगा घरात असताना आपण अंधारात का बसायचं, असं ते म्हणाले. तेव्हापासून उल्हास इथं वाचायचा, तासगावला थोरल्या भावाच्या फोनवर पाठवायचा, आणि भाऊ संध्याकाळी बाबांच्या उशाशी फोन ठेवायचा.

"तासगाव इथून किती?"

"पाऊण तास."

"हं."

उल्हासला तो 'हं' आवडला नाही.

"दादाचा मंगळवारी फोन आला होता," तो घाईनं म्हणाला. "बाबांनी जेवण टाकलंय. फार दिवस काढतील असं वाटत नाही, म्हणाला. शुद्धीवर आहेत, पण बोलत नाहीत. एकच विचारतात... एकशे अकरा झालं, पुढचं कुठाय? कुठल्या पानावर काय आहे ते त्यांना पाठ आहे, चाचा. मधलं एक पान गाळलं तर लगेच कळेल."

"डोळे गेले तरी पान कळतं?"

"त्यांना दोऱ्याचा ताणसुद्धा कळतो अजून. दिवाळीत वहिनीची मशीन टाके सोडत होती. बाबांनी दोरा बोटावर घेतला, स्क्रू अर्धा फेरा फिरवला, म्हणाले, शिव आता."

हे सांगताना उल्हासचा चेहरा क्षणभर उजळला. चाचा त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं.

"जवळ ये."

दोऱ्याचं एक टोक त्यांनी उल्हासच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला बांधलं. दुसरं माईकच्या दांडीला. मध्ये वीतभर अंतर. दोरा सरळ राहिला, ना सैल, ना ताठ.

उल्हासला हसू आलं. पाच हजारांची जाळी आणि वर ही सुतळीची विद्या. पण त्यानं हसू दाबलं.

"तुझी ती दह्याची जाहिरात म्हणून दाखव."

उल्हासनं छाती भरून घेतली. "घरच्या म्हशीचं दूध, आजीच्या हातचं विरजण..."

दोरा लोंबला.

"पुढं गेलास," चाचा म्हणाले.

"मुद्दाम जातो. जवळ गेलं की आवाजाला वजन येतं."

"कुणाला ऐकवायला?"

उल्हासनं वही पुढ्यात ओढली.

"आता वहीतलं वाच. कुठलंही."

त्यानं चाळिसावं पान उघडलं. बाबांनी पहिल्यांदा शाळेचे गणवेश शिवायला घेतले, तेव्हाची हकीकत होती. चाळीस पोरांची मापं घेतली आणि दोन भावांची मापं आपसांत बदलली. थोरल्याची चड्डी धाकट्याला घोट्यापर्यंत आली आणि धाकट्याची थोरल्याला चढेचना. उल्हास वाचता वाचता हसला. दोरा जागचा हलला नाही.

"आता एकशे बारा."

खोलीत आधीच आवाज नव्हता. आता तो आणखी कमी झाला.

"अक्षय्यतृतीयेचा दुसरा दिवस," उल्हासनं सुरुवात केली. "सकाळपासून तिला धाप लागली होती. थोरल्यानं सगळ्यांना फोन केले. मी तिच्या उशाशी बसून होतो. तिला पाणी..."

दोरा ताठ झाला. माईकची दांडी डुगडुगली.

चाचांनी बोट पुढं करून ताणलेल्या दोऱ्यावर ठेवलं.

"मागं सरलास."

"नाही सरलो. बघा, खुर्ची खुणेवर आहे."

"खुर्ची आहे."

उल्हासनं वही मिटली. कपाळाला घाम आला होता. पंखा नाही म्हणून, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

"ह्या खोलीत बाहेरचं काहीच येत नाही?" चाचांनी विचारलं.

"काहीच नाही. रस्त्यावरून वरात गेली तरी कळत नाही." यात जरासा अभिमान होताच.

"आणि फोन?"

"तो बाहेर ठेवतो. आता बाहेरच ठेवतो."

"आता..."

उल्हासनं नजर वहीकडं वळवली. दोघांच्या मध्ये तो वीतभर दोरा तेवढा होता.

मग चाचांनी उजवा हात कानाकडं नेला, यंत्र काढलं, त्याची कळ बंद केली आणि खिशात ठेवलं.

"हे काय?" उल्हास म्हणाला. "मग ऐकणार कसे?"

चाचांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी दोऱ्याकडं बोट दाखवलं, मशीनचं लाल बटण स्वतःच्या हातानं दाबलं, आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून दोऱ्याकडं बघत बसले.

उल्हासनं वही उघडली.

"अक्षय्यतृतीयेचा दुसरा दिवस. सकाळपासून तिला धाप लागली होती..."

दोरा ताणू लागला. चाचांची नजर हलली नाही. रागावलेली नव्हती ती, घाईतही नव्हती. कापड कुठं विरलंय ते बघणाऱ्या माणसासारखी होती. उल्हास थांबला. आज पहिल्यांदाच तो माईकपुढं काही न बोलता बसला. लाल दिवा जळत राहिला. मग तो हळूच पुढं आला, दोरा सरळ होईपर्यंत, आणि जिथं थांबला होता तिथून वाचू लागला.

"थोरल्यानं सगळ्यांना फोन केले. मी तिच्या उशाशी बसून होतो. तिला पाणी पाजलं. दुपारी तिनं दोनदा दाराकडं पाहिलं. उल्हास आला नाही."

इथं पोचेपर्यंत तो नेहमी मागं सरलेला असायचा. सतरा वेळा हेच झालं होतं. पुढची ओळ त्याला पाठ होती. तिच्यात एक कठोर शब्द असता, तर ती वाचणं त्याला केव्हाच जमलं असतं.

"त्याचं काम असेल."

पान संपलं. खाली तारीख, वर आकडा. बटण बंद करायला हवं होतं. उल्हासचा हात गेला नाही.

"बाबा..." तो म्हणाला.

हे वहीत नव्हतं.

"बाबा, काम नव्हतं. दह्याच्या जाहिरातीच्या दोन ओळी राहिल्या होत्या. दादाचा फोन आला, तो मी बघितला. बघून पालथा ठेवला. म्हटलं, दोन ओळी झाल्या की करतो. झाल्या. मग ते म्हणाले, अजून एकदा घेऊ. मी घेतलं... पुन्हा एकदा घेतलं. मी आलो तेव्हा तुम्ही सगळे घाटावरून परत आला होता. मी सांगितलं, रेकॉर्डिंगला फोन बाहेर ठेवावा लागतो, मला कळलंच नाही. तो बाहेर नव्हता, बाबा. माझ्या हातात होता."

आवाज फाटला. ज्या आवाजावर तो आयुष्यभर जगला, तो त्याच्या ताब्यात राहिला नाही, आणि तो परत ताब्यात घ्यावा असं त्याला वाटलंही नाही. लहान मुलानं शर्टाच्या बाहीला नाक पुसावं तसं त्यानं पुसलं.

दोरा सरळ होता. श्वासाबरोबर जरासा थरथरत होता, इतकंच.

चाचांनी वाकून बटण बंद केलं. खिशातून यंत्र काढलं, कानात घातलं, कळ लावली. सगळं सावकाश केलं. उल्हासला तोंड पुसायला तेवढा वेळ मिळाला.

"तुम्ही ऐकलंत?" त्यानं खाली मान घालून विचारलं.

"यंत्र खिशात होतं."

"मग... कसं आलं?"

चाचांनी सरळ राहिलेल्या दोऱ्याकडं बोट केलं.

"शेवटी फाटला आवाज," उल्हास म्हणाला. "स्वच्छ नाही आला. पण जवळ आला. दादाला असंच पाठवू? का नुसतं पान ठेवू आणि पुढचं काढून टाकू? का... पुन्हा एकदा घेऊ?"

पुन्हा एकदा. शब्द तोंडातून गेल्यावर त्याचे त्यालाच ऐकू आले.

चाचा उठले. माईकच्या दांडीवरची गाठ त्यांनी नखानं सोडवली. बटणावरची तशीच राहू दिली. सुटलेलं टोक त्यांनी उल्हासच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं मिटवली.

"तासगाव पाऊण तासच ना? हे टोक बाबांच्या हातात दे."