चौथं वल्हं

एका श्रावणात मी नेम धरला होता. नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडायला जायचं, पण एकटीनं नाही. घरोघरी ज्यांना "तुम्ही बसा, आम्ही जाऊन येतो" असं सांगतात, त्यांच्यातल्या एकाला हाताला धरून न्यायचं. त्या वर्षी नणंदबाईंना नेलं. त्यांचे गुडघे आखडलेले. पण होडीत बसल्या मात्र, आणि नावाड्यालाच शिकवायला लागल्या. परतताना त्यांनी ही गोष्ट सांगितली. तीच आता तुम्ही ऐका.

खारवेळच्या उदाजीराजांनी दवंडी पिटवली, "पौर्णिमेला देवीच्या बेटाकडे जाणाऱ्या नावेत अंगानं उणा माणूस वल्ह्याला बसणार नाही. बसला तर नाव जप्त!"

दवंडी ऐकून पोवळीच्या हातातलं जाळं गळालं. पोवळी नाखव्याची लेक. लहानपणी तापानं फणफणली तेव्हा आई देवीला नवस बोलली होती, "पोर वाचली तर स्वतःच्या हातानं वल्हं मारत तुझी ओटी भरायला येईल." पोर वाचली, एक पाय मात्र लुळा पडला. आई आता नव्हती. तिचा नवस राहिला होता, आणि यंदा कुठे पोवळीच्या हातांत वल्ह्याचं बळ आलं होतं.

कुबडी टेकत ती दरबारात गेली. "महाराज, नवस माझ्या आईचा आहे. वल्हं मलाच मारायला हवं."

"पायानं अधू, आणि वल्हं मारणार?"

"वल्हं पायानं मारतात का, महाराज?"

दरबारात कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. राजांचे कान लाल झाले. हट्टी माणूस चिडला की अटी घालतो.

"बरं. चार वल्ह्यांची नाव घे. माणसं तुझ्यासारखीच आण, कोळीवाड्यातलं धडधाकट एकही नको. मी स्वतः नावेत बसणार. वाटेत ज्याच्यामुळे नाव अडेल, त्याला तिथल्या तिथे पाण्यात उतरवीन. बेटाला पोचलीस तर दवंडी मागे."

"ज्याच्यामुळे अडेल त्याला? कोणी का असेना?"

"कोणी का असेना. राजाचा शब्द आहे."

"मग ठरलं," पोवळी म्हणाली आणि कुबडी टेकत निघून गेली. जाताना ती हसत का होती, हे प्रधानांना काही केल्या कळेना.

पौर्णिमेला नाव सजली. पोवळीच्या बापानं तिच्या बाकापुढे पाय टेकायला तिच्या मापाची फळी ठोकली होती. एका वल्ह्याच्या मुठीवर काथ्याची जाड गाठ बांधली होती, ती पदू तात्यांसाठी. तात्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. गाठ हाताला लागली की मूठ बरोबर पकडली जायची. तिसऱ्या वल्ह्याला गोमी मावशी, कानांनी ठार बहिऱ्या. सुकाणूवर लखू, त्याला उजवा हात नव्हता.

राजे नावेत चढले. "वल्हेकरी तीनच? चौथा कुठाय?"

"येईल, महाराज. तुम्ही तोवर त्या रिकाम्या बाकावर बसा."

नाव सुटली आणि राजांनी खोड्या काढायला सुरुवात केली. "हा म्हातारा आंधळा. याला पुढचं काय दिसणार?"

"महाराज, वल्हेकरी पाठमोरा बसतो," पदू तात्या म्हणाले. "डोळे असले तरी मागचंच दिसतं. पुढचं बघायला लखू आहे की."

"लखूला हात एकच."

"सुकाणू पण एकच आहे, महाराज," लखू म्हणाला.

"आणि ही बाई? हिला ताल कसा कळणार?"

"लखू टाच आपटतो ना फळीवर, ती मावशीला बसल्या जागी कळते," पोवळी म्हणाली. गोमी मावशींना राजांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. त्यांना वाटलं, भूक लागली असेल. त्यांनी ओच्यातले चणे काढून पुढे केले. राजांनी घेतले. चणे चांगले खमंग होते.

खाडीत पाणी संथ होतं. एका बाजूला दोन वल्ही आणि दुसरीकडे एकच, तरी लखू सुकाणू दाबून नाव सरळ ठेवत होता. पण खाडीच्या तोंडाशी समुद्राच्या पाण्याची ओढ लागली. नाव तिरकी झाली आणि जागच्या जागी गरगर फिरू लागली.

राजे मांडीवर थाप मारून ओरडले, "अडली! सांग आता, कोणामुळे अडली?"

"चौथं वल्हं कोणी मारत नाही म्हणून," पोवळी शांतपणे म्हणाली.

"मग त्या बाकावर कोण आहे?"

"तुम्ही, महाराज. तात्या वल्हवतात, मावशी वल्हवतात, मी वल्हवते, लखू सुकाणू धरतो. हात असून चणे खात बसलेलं माणूस नावेत एकच आहे. उतरा आता. पाणी दोन पुरुष खोल आहे."

राजांनी पाण्याकडे पाहिलं. त्यांना पोहता येत नव्हतं. मग पोवळीकडे पाहिलं. ती अगदी साधा चेहरा करून बसली होती. "नाहीतर," ती म्हणाली, "वल्हं तुमच्या पायाशीच आहे."

राजांनी शेला कमरेला खोचला आणि वल्हं उचललं. थोड्या वेळानं पदू तात्या कुरकुरले, "पोवळे, हा कोण गं धबाधब पाणी बडवतोय? सांग त्याला, पाणी कापायचं असतं, धुणं धुवायचं नसतं."

"तात्या, महाराज आहेत ते."

तात्यांनी आपलं वल्हं ओढलं. "असू देत. पण ताल धरा म्हणावं."

राजे इतके हसले की वल्हं हातातून सुटता सुटता राहिलं.

नाव बेटाला लागली. पोवळीनं आईच्या नावानं देवीची ओटी भरली. राजांच्या तळहातांना फोड आले होते आणि ते फोड ते ज्याला त्याला कौतुकानं दाखवत होते. दुसऱ्या दिवशी नवी दवंडी फिरली: ज्याला वल्हं मारायचं असेल त्यानं यावं, पायाला फळी, मुठीला गाठ, जे लागेल ते दरबारातून मिळेल. राजांची नाव पोवळीच्या हवाली झाली. एकच अट होती, चौथं बाक राजांचं.

"जमेल का त्यांना, तात्या?" तात्यांच्या घरात बसून पोवळीनं विचारलं.

"शिकतील हळूहळू," तात्या म्हणाले, आणि बाहेर उभे असलेले राजे पुन्हा खो खो हसले.

तर बायांनो, यंदा पौर्णिमेला पाण्यावर जाल तेव्हा तुम्हीही माझ्यासारखा नेम धरा. ज्यांना कोणी नेत नाही अशा एकाला बरोबर घ्या, आणि नावेत नुसतं बसवू नका. वल्हं त्यांच्या हातात द्या.