आबांच्या मापाचा दस्ता

“…मग शिसवीचा करू की फणसाचा? तेवढं सांगा बाबा, म्हणजे मी सुटलो.”

दर्गा सांभाळणाऱ्या मदारबाबांनी सुईत दोरा ओवला. गोधडी मांडीवर ओढली.

दर्ग्याच्या ओट्यावर रुमाजी गावस मघापासून एकटाच बोलत होता. घाटाखालच्या त्या गावात त्याच्याएवढा उंच माणूस नव्हता, आणि त्याच्याएवढा ताठाही कुणाला नव्हता. त्याचे वडील, आबा, नावाजलेले शिकारी. माणूस ठेंगणा, पण नेम असा की गाव अजून गोष्टी सांगतं. ते वारले तेव्हा त्यांची जुनी रायफल रुमाजीकडे आली, आणि तिच्याबरोबर गावच्या पारधीतली पहिली जागाही.

मग एकदा कातळावर पाय घसरला नि रायफलीचा लाकडी दस्ता मधोमध मोडला.

तेव्हापासून नवा दस्ता शोधणं हाच त्याचा उद्योग. मोडका दस्ता फडक्यात बांधायचा आणि हिंडायचं. बेळगावहून अक्रोडाचा आणला, तो म्हणे जड. सागवानाचा केला, तो म्हणे निसरडा. लवू सुताराने एक जरा लांब ठेवला, तर त्याच्यावर डाफरून तो कापून घेतला. आबांचा एवढाच होता, बोटभरही जास्त नको.

आणि डुक्कर काही पडेना.

तसं आधी फार पडत होतं असंही नाही. पण तेव्हा वारा फिरायचा, कुत्रं भुंकायचं, नेमक्या वेळी कुणीतरी शिंकायचं. गावही आबांच्या नावाकडे बघून गप्प बसायचं.

यंदा गाव गप्प बसणार नव्हतं. तिथली रीतच होती, पहिल्या जागेवर बसून ज्याचा नेम चुकला, त्याने पुढच्या पारधीला रान उठवणाऱ्या हाकेकऱ्यांत जाऊन डबा बडवायचा. चुलतभावाने एक डबा घासूनपुसून ठेवल्याचं रुमाजीच्या कानावर आलं होतं.

“लाकडात कमी काय पडतंय, बाबा?”

“नेम धर बघू.”

“इथं?”

“रायफल रिकामी आहे ना?”

“रिकामीच.”

रुमाजीने रायफल उचलली. गुडघे मोडले, खांदे गोळा केले, मान आत ओढली आणि आबा टेकवायचे तसा गाल त्या आखूड दस्त्यावर टेकवला.

“आता हलू नकोस.”

बाबा उठले. रायफल त्याच्या हातातून हलकेच काढून घेतली, भिंतीला टेकवली, आणि परत गोधडी घेऊन बसले.

रुमाजी तसाच. हात हवेत, मान खांद्यात.

“बाबा, रायफल…”

“ती आहे तिथं. तू हलू नकोस.”

दोन टाके झाले. चार झाले…

तेवढ्यात काशीआजी उदाची पुडी घेऊन पायऱ्या चढली. तिची दृष्टी अधू, आणि आठवण त्याहून अधू. ओट्यावर पाठमोरं कोण उभं आहे म्हणून ती थबकली, निरखून बघितलं, आणि तोंडभर हसली.

“आबा कधी इलो गे बाय?” म्हणाली. “बरो दिसता.”

आणि आत निघून गेली.

…

रुमाजीच्या पोटातून हसू आलं, आवरेना. हसता हसताच तो हळूहळू सरळ झाला. पाठीत कुठंतरी कडकन वाजलं आणि बरं वाटलं. ओट्यावरून दगडी गडग्यापलीकडची भातखाचरं थेट नदीपर्यंत दिसत होती. तो बघत राहिला.

मग त्याने फडकं सोडलं. मोडका दस्ता कपाळाला लावला आणि आपण होऊन बाबांपुढे धरला.

बाबांनी तो घेतला, दोन्ही हातांनी. ओट्याच्या कडेला चहाच्या टोपाखाली चूल धुमसत होती, तिच्यात सारला. जुनं, वाळलेलं लाकूड. लगेच पेटलं.

“मग बाबा… लवूला माप कशाचं देऊ?”

बाबांनी टोपात चहाची पूड टाकली.

“लवू चहाला इथंच येतो. तोवर असाच सरळ उभा राहा.”