बदाम आणि आठळी

डोंगराच्या कुशीत, एका ओढ्याच्या काठी, रानफणसाचे उंच झाड होते. त्या झाडावर एक शेकरू आपल्या एकुलत्या लेकीला घेऊन राहत असे. मुलांनो, शेकरू म्हणजे मोठी तांबूस खार. तिची शेपटी चांगली लांब आणि झुबकेदार असते आणि ती सहसा जमिनीवर पाय ठेवत नाही. खायचे झाडावर, झोपायचे झाडावर, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जायचे तेही उडी मारूनच.

त्या रानातल्या शेकरूंची एक रीत होती. फणस संपत आला की सगळ्यांनी ओढ्यापलीकडच्या राईत जायचे, कारण पावसाळाभर अलीकडच्या काठावर खायला काही उरत नसे. दोन्ही काठांच्या फांद्या जिथे सगळ्यात जवळ येत, तिथेही मध्ये मोठी फट होती. ती एका उडीत ओलांडावी लागे, आणि तीही फांद्या कोरड्या आहेत तोवरच. एकदा शेवाळ धरले की पाय ठरत नसे. खाली पाणवठ्यावर बिबट्या येई. ज्याची उडी चुकली, तो पुन्हा वर आला असे कधी झाले नव्हते.

शेकरूची लेक अंगाने फार बारीक होती. लहानपणी ती आजारी पडली होती, तेव्हापासून आई तिला घरट्यातच घास आणून देई. आजार गेला, सवय मात्र राहिली. लेकीच्या मागच्या पायांत जोर नव्हता. या फांदीवरून त्या फांदीवर जायचे तरी ती आधी आईकडे बघायची. मग आई तिला मानगुटीला धरून पलीकडे न्यायची. आता लेक एवढी मोठी झाली होती की तिला उचलताना आईच्या मानेत कळ येई.

शेजारच्या ऐनाच्या झाडावर दुसरी एक शेकरू राहत असे. तिची पोरे दिवसभर फांद्यांवरून उंडारत आणि धडपडत.

"सासरी पोचवायलाही अशीच तोंडात धरून नेणार का गं हिला?" शेजारीण एकदा म्हणाली.

"तुला काय जातंय बोलायला? तुझी धडधाकट आहेत."

"धडधाकट कसली, नुसती हाडं आहेत. पण पडतात नि उठतात. तुझीला पडू तरी दे."

दुसऱ्याच्या लेकराला पडू दे म्हणायला सोपे असते. शेकरूला रात्री झोपेतसुद्धा ओढ्यावरची ती फट दिसत होती.

एके दिवशी एक कावळा फणसाच्या झाडावर येऊन बसला. त्याच्या चोचीत काहीतरी तपकिरी होते. तो पदार्थ पायाखाली दाबून तो म्हणाला, "वहिनी, पोरगी वाळलीय तुमची."

"ते मलाही दिसतंय."

"हा बदाम. डाकबंगल्यात एक पाहुणा उतरलाय. रोज सकाळी खिडकीत बसून हेच खातो. त्याचे दंड बघा एकदा, या खोडासारखे आहेत. आरशासमोर उभा राहून तो स्वतःच बघत असतो."

"आणि आम्हाला कोण देणार बदाम?"

"मी देतो की. रोज एक. तुम्ही मला रोज एक फणस फोडून द्यायचा. आमच्या चोचीने ती साल फुटत नाही, आणि घरी खाणारी तोंडं पुष्कळ आहेत."

शेकरूने क्षणभर विचार केला. फणस तर झाडाला लागलेलेच होते. मेहनत तेवढी आपली. लेकीच्या अंगात ताकद येणार असेल तर मेहनतीचे काय एवढे, असे तिला वाटले, आणि ती हो म्हणाली.

त्या दिवसापासून तिचे दिवस फणस फोडण्यात जाऊ लागले. काटेरी साल कुरतडून तिचे दात आंबत. चीक मिशांना चिकटे आणि वाळून कडक होई, पण तो पुसायलाही तिला सवड नसे. कावळा, कावळी आणि त्यांची पोरे येत, गरे खात आणि आठळ्या टाकून देत. त्या खाली खोडाच्या बेचक्यात साचत जात. शेकरू स्वतः गऱ्यांभोवतीचे चिवट धागे चघळून पोट भरी, आणि संध्याकाळी बदाम घेऊन घरट्यात जाई.

लेक बदाम खाई आणि आडवी होई. थोड्याच दिवसांत तिच्या केसांवर तकाकी आली. पोटही जरा सुटले. शेकरू रोज तिची मांडी पंजात धरून बघे. मांडी होती तशीच राहिली होती.

शेवटी तिने कावळ्याला विचारले, "भाऊजी, बदाम जुने तर नाहीत ना? फरक काहीच दिसत नाही."

कावळ्याला राग आला. "त्या पाहुण्याच्या ताटलीतले आहेत. मग त्याला कसे लागू पडतात ते?"

"तो बदामच खातो का फक्त? आधी काही करत नाही?"

"आधी? आधी पहाटे अंगणात पालथा पडून खाली-वर, खाली-वर करत असतो. घामाने निथळतो नुसता. पण त्यातून खाली काही सांडत नाही, म्हणून मी कशाला बघत बसू?"

शेकरूच्या मनात काहीतरी टोचले. पण फणस अर्धा फोडून झाला होता आणि कावळ्याची पोरे ओरडत होती. दमलेल्या जिवाला विचार करायलाही बळ लागते. ती पुन्हा सालीला भिडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठवेना. पाय हलवायला गेली तर अंग दगडासारखे जड झालेले. कावळा आला, फांदीवर इकडून तिकडे चालला आणि म्हणाला, "आज दुकान बंद दिसतंय." मग बदाम चोचीत घेऊन तो तसाच उडून गेला.

"आई, मला भूक लागलीय," लेक म्हणाली.

"थोडं थांब हं. उठते मी."

पण ती उठली नाही. ऊन वर आले. लेकीने आईच्या तोंडाकडे पाहिले, मिशांवरचा वाळलेला चीक पाहिला. मग ती घरट्याच्या तोंडाशी गेली आणि खाली डोकावली. बेचक्यात आठळ्यांचा ढीग पडला होता.

"जाऊ नकोस," आई म्हणाली. पण आवाज इतका बारीक निघाला की तो लेकीपर्यंत पोचला की नाही, कोण जाणे.

लेक खोडावर उतरली. जरा खाली गेली आणि घसरली. नखे सालीत रुतवून तिने स्वतःला थांबवले. पोट खरचटले. आई डोळे उघडे ठेवून बघत होती. तिचे मन केव्हाच खोडावर धावले होते, अंग तेवढे घरट्यात पडून होते. लेक तशीच लोंबकळत राहिली, रडकुंडीला आली. तिने इकडे तिकडे बघितले. कोणी येत नाही असे पाहून एकेक पाय टाकत ती बेचक्यात पोचली. तिने पोटभर आठळ्या खाल्ल्या. पण पोट भरल्यावर वर चढायचे राहिलेच होते. वर पोचायला तिला दुपार झाली.

घरट्यात आली तेव्हा तिच्या तोंडात एक आठळी होती. ती तिने आईपुढे ठेवली.

"मला नको. तूच खा," आई म्हणाली.

लेकीने ती खाल्ली आणि पाय पसरून झोपली. शेकरूने सवयीने तिच्या मांडीला हात लावला. मांडी थरथरत होती. मग कावळ्याचे बोलणे तिला आठवले, ते खाली-वर, खाली-वर, आणि पाहुण्याचे बळ बदामातून नव्हे, त्यातूनच येत असावे हे तिच्या ध्यानात आले.

कावळा परत आला तेव्हा ती म्हणाली, "उरलेले फणस आता आम्हालाच लागतील."

"मग बदामाचं काय?"

"तुमच्या पोरांना द्या. बारीकच आहेत तीही."

मुलांनो, यानंतर लेक झटपट बळकट झाली असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. उन्हे तापायच्या आत तिने खोडावरून खाली जायचे आणि वर यायचे. मग आठळ्या, थोडे गरे, कोवळी पाने, एवढेच जेवण. दुपारी गाढ झोप. संध्याकाळी उड्या, आधी अगदी जवळच्या फांदीवर आणि सवय झाल्यावर जराशा लांबच्या. काही दिवस ती आनंदाने करी. काही दिवस तिची घरट्यात कूस बदलायचीही तयारी नसे.

"आई, पाय दुखतात माझे."

"मग आज उड्या नकोत. पण खाली जाऊन ये."

"कंटाळा आलाय."

"मलाही आलाय. जा."

शेकरूला आता फणस फोडायचे नव्हते, तरी तिचे दमणे काही कमी झाले नाही. लेक उडी मारी तेव्हा ती खालच्या फांदीवर जाऊन थांबे. पडलीच तर झेलता येईल म्हणून तिथेच अंधार पडेपर्यंत ताटकळे. घशाखाली घास उतरत नसे. चांगली आठळी दिसली की ती लेकीसाठी बाजूला ठेवी. तिने स्वतः या ऋतूत एकही लांब उडी मारली नव्हती.

"काहीच करत नाहीस, नुसती बसून असतेस, तरी वाळत का चाललीस?" शेजारीण म्हणाली.

"बसणंच जड जातंय गं."

असे करता करता फणस संपले. आभाळ भरून येऊ लागले. एका कोरड्या सकाळी सगळे शेकरू ओढ्याकडे निघाले. शेजारणीची पोरे हसत-खिदळत पलीकडे गेली, मागोमाग तीही गेली. लेक फांदीच्या टोकाशी आली. तिने पाय आखडले आणि अंग झोकून दिले.

पुढच्या पंजांची नखे पलीकडच्या फांदीत रुतली. मागचे पाय हवेतच राहिले. फांदी वाकली, खालचे पाणी दिसू लागले. लेक लोंबकळली, थांबली, आणि रोज खोडावर जशी चढत होती तशी स्वतःला वर ओढत फांदीवर चढून बसली.

"आई, ये," तिने हाक मारली.

शेकरू धावत टोकापर्यंत गेली आणि थांबली. मागे आली. पुन्हा धावली, पुन्हा थांबली. तिचे पाय लटलट कापत होते.

"काय गं, उडी विसरलीस?" शेजारीण पलीकडून म्हणाली. मग तिने नीट बघितले आणि तिचा आवाज बदलला. "पोटभर कधी जेवली होतीस शेवटची?"

शेकरूने आठवून पाहिले. तिला आठवेना.

"आज उडी मारू नकोस," शेजारीण म्हणाली. "पडशील."

"मी तिकडे येऊ?" लेकीने विचारले.

"नको. तू तिथेच थांब. खाऊन घे."

शेकरू एकटी फणसावर परतली. झाड रिकामे झाले होते, पण बेचक्यात थोड्या आठळ्या होत्या. तिने एक उचलली आणि नेहमीप्रमाणे बाजूला ठेवली. मग तिच्या लक्षात आले की जिच्यासाठी ती बाजूला ठेवायची, ती लेक आता इथे नाही. ती तिने स्वतःच खाल्ली. मग आणखी एक. पोट भरल्यावर ती झोपली, आणि जाग आल्यावर पुन्हा खाऊन झोपली. अंगात जरा बळ आल्यावर ती खोडावरून खाली गेली, धापा टाकत वर आली. पुढल्या सकाळी पुन्हा गेली. पलीकडच्या फांदीवर बसून लेक हे सगळे बघत होती. शेजारीण सारखी आभाळाकडे बघत होती.

दमट वारा सुटला त्या दिवशी शेकरू फांदीच्या टोकाशी आली. या वेळी ती थांबली नाही. उडी काही देखणी झाली नाही. ती पोटावर आपटली, पण फांदी तिच्या पंजांत होती.

लेकीने पलीकडे एक घरटे बांधून ठेवले होते. ते एका बाजूला कलले होते आणि काटक्या बाहेर आल्या होत्या. शेकरू त्यात शिरली. एक पाय बाहेरच राहिला, तो आत घ्यायच्या आधीच तिला झोप लागली.

"उठली का गं आई?" संध्याकाळी शेजारणीने विचारले.

"नाही," लेक हळू आवाजात म्हणाली. "कोणी उठवू नका तिला."

तात्पर्य : ताकद महागड्या घासात नसते, साधे पोटभर अन्न आणि रोजची थोडी मेहनत यांनी ती सावकाश अंगात येते. आणि घरातल्या साऱ्यांना जी भरवते, तिनेही आपल्या वाट्याचा घास वेळेवर खाल्लाच पाहिजे, नाहीतर साऱ्यांना पलीकडे पोचवून ती अलीकडेच राहते.