ऐंशी हात दोर

फार फार पूर्वी, एका राज्याच्या टोकाला डोंगरावर एक वाडी होती. एका उन्हाळ्यात तिथल्या विहिरीचे पाणी पार तळाला गेले आणि जुना दोर पाण्यापर्यंत पुरेना. वाडीने राजाकडे निरोप धाडला. राजाने ताबडतोब नवा दोर पाठवायला सांगितले.

राजधानीतल्या एका म्हातारीने अंबाडीचा दोर वळला. चांगला ऐंशी हात, मध्ये एकही सांधा नाही. तिची लेक त्याच वाडीत दिली होती. म्हातारी दोर नेणाऱ्या गाडीवानाला म्हणाली, "बाबा, दोर तोडू देऊ नकोस कुणाला. विहीर फार खोल आहे."

"काळजी सोडा, आजी," गाडीवान म्हणाला.

पण गाडीवानाचे काम घाटाच्या पायथ्यापर्यंत. तिथे त्याने दोर बैलवाल्याच्या हवाली केला आणि म्हातारीचा निरोप तसाच घरी परत नेला.

बैलाच्या दोन्ही अंगांना ओझे सारखे हवे, म्हणून बैलवाल्याने दोराचे दोन तुकडे केले. पुढे पायवाट अरुंद. गाढववाल्याने दोन गाढवांसाठी चार केले. कुणाच्या मनात पाप नव्हते. हातभर दोरसुद्धा वाटेत हरवला नाही. वाडीवर राजाच्या कारभाऱ्याने तुकडे मोजून "ऐंशी हात, बरोबर!" असे लिहिले आणि तिघांना पागोटी दिली. अशा चोख माणसांची मला फार भीती वाटते.

वाडीने तुकडे गाठी मारून जोडले. पोहरा वर ओढताना एक गाठ रहाटात अडकली, हिसका बसताच सुटली, आणि वाडीचा एकुलता एक पोहरा तळाला गेला.

म्हातारीचा जावई म्हणाला, "मी उतरतो."

"नका हो!" बायको रडू लागली.

"पोरांच्या घशाला कोरड पडलीय. दुसरं कोण उतरणार?"

गाठी पुन्हा आवळल्या. तो निम्म्यात पोचला तेव्हा दुसरी गाठ सुटली.

त्याच आठवड्यात पाण्यावाचून वाडी उठून गेली. लेक पोरांना घेऊन आईच्या दारी आली, हातात दोराचा एक तुकडा. गाडीवान पागोटे काढून समोर उभा राहिला.

"आजी, दोर तर पोचला होता," तो पुटपुटला.

म्हातारी म्हणाली, "दोर पोचला रे. पाणी नाही पोचलं."

त्यानंतर त्याने ते पागोटे कधी घातले नाही. पण त्या डोंगरावर पुन्हा चूल पेटली नाही.

तात्पर्य: वस्तू पोचवली म्हणजे सेवा झाली असे नाही, ज्याच्यासाठी ती नेली त्याची गरज भागली, तरच ती सेवा.