बारावा दिवा

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर माडखाडी हे ख्रिस्ती कोळ्यांचे गाव. गावाचे भाग्य थोर, म्हणून इनासबाबांसारखे देवमाणूस तिथे पाद्री लाभले.

चर्चच्या छताला दोराने एक लाकडी चक्र टांगलेले असे. त्यावर बारा दिवे, प्रभूच्या बारा शिष्यांचे. एकेका दिव्याच्या तेलाचा मान एकेका घराण्याकडे. बारावा मात्र गावकरी कधीच लावत नसत. तो म्हणे प्रभूला दगा देणाऱ्या यूदाचा!

रुजाय सुकी मासळी विकून पोट भरणारी विधवा. नवऱ्याला समुद्राने नेले, पण देह परत दिला, मूठमाती तरी देता आली. त्याच उपकारापोटी ती पळीभर खोबरेल घेऊन आली आणि कोणाला नको असलेला तो दिवा तिने मागितला.

होडीचा प्रमुख आंतोन तांडेल हसला. "दगाबाजाच्या दिव्याला सुकटवालीचं तेल. जोडी बरी जमली!"

रुजायने बाटली पदराआड घेतली. पण बाबा म्हणाले, "आंतोन, यूदाची जागा शिष्यांनी रिकामी नाही ठेवली. चिठ्ठ्या टाकून मथियाला घेतलं. हा दिवा त्याचा, शेवटी बोलावलेल्याचा. रुजाय, ओत तेल."

तांडेल नाक मुरडून, दोन्ही मुलांना घेऊन समुद्रावर गेला.

दिवस कलला आणि वादळ उठले. बायका चर्चमध्ये जमल्या. बाराही दिवे लावून चक्र वर चढवले, तोच वाऱ्याने समुद्राकडची दारे सताड उघडली. अकरा दिवे फटक्यासरशी विझले. रुजायचा तेवढा राहिला. बायका दारे लावायला धावल्या, पण बाबांनी अडवले. समुद्रावरून तो दिसायला हवा, असे ते म्हणाले.

आंतोनची बायको कतरीन दाराबाहेर डोळे लावून उभी होती. रुजायने तिचा हात धरला आणि गुडघे टेकले.

"देवा, माझा परत दिलास, त्याचे उपकार आहेत. हिचे जिवंत दे."

पळीभर तेल ते किती पुरणार? तरी दिवा जळत राहिला. अखेर दारात चिंब भिजलेला आंतोन उभा राहिला, मागे दोन्ही मुले.

"काळोखात एकच उजेड होता. त्याच्या रोखाने वल्हवत आलो. कोणाचा दिवा तो?"

बाबांनी दोर सैल सोडला. चक्र खाली आले. दिव्यात तेलाचा थेंब नव्हता आणि कोरड्या वातीवर ज्योत शांत तेवत होती.

आंतोन बाबांच्या पायांवर पडायला वाकला. बाबांनी त्याला रुजायकडे वळवले. त्या मानी तांडेलाने सुकटवालीपुढे डोके टेकले, आणि रुजाय रडत म्हणाली, "ऊठ भावा, पोरांना आधी घरी ने."

पहिला, पेत्राचा दिवा आंतोनच्या घराण्याचा. पण त्यानंतर रोज संध्याकाळी तो चक्राचा दोर धरून उभा राही, आणि रुजायचा दिवा लागल्यावरच आपला लावी.