ठकूबाईचे गुडघे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, आमच्या आंबेखोलात त्याचं खरं उत्तर कुणी देत नाही. गावाच्या डोक्यावर दिवटीचा सडा आहे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ, वर वीतभर माती. भादव्यात तो असा फुलायचा की पाय ठेवायला जागा नसायची. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं, काय हवं ते.

सड्याच्या कडेला धनगरवाडा होता. तिथं ठकूबाई ढेबे राहायची. तिच्या चाळीस म्हशी होत्या. फुलं असेतोवर ती एकीलाही वर फिरकू द्यायची नाही. मार्गशीर्ष लागला की सुकलेलं बोंड कानाशी धरून हलवायची. आत बी वाजलं की म्हणायची, "चला गं बायांनो, आता तुमची पाळी." म्हशी माजलेलं गवत खायच्या, खुरांनी बी मातीत दाबायच्या आणि होळीला खाली यायच्या. चुकून राहिलेलं फूल दिसलं तर तिची म्हैस वळसा घालून जायची, असं म्हणतात.

मग वनखात्याचे एक साहेब आले. फुलं बघून वेडे झाले. सड्याला तारेचं कुंपण घालतो म्हणाले, पण आधी गावाला विचारलं, "म्हशी फुलं नासवतात का?" आता त्याच साली ठकूबाईची एक म्हैस आमच्या नाचणीत शिरली होती. तेवढाच राग. गावानं सडजाईच्या देवळात अंगारा उचलून शपथेवर सांगितलं, "होय, नासवतात." माझा आजाही त्यात होता. अरे, एका म्हशीपायी!

कुंपण पडलं. चारा तुटला. म्हशी कुणाकुणाच्या दावणीला गेल्या आणि ठकूबाई डोंगरापलीकडे लेकीकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, "फुलं तेवढी जपा."

काय जपतात! सड्यावर गवत कमरेएवढं झालं, खाली फुलं गुदमरली. पाचव्या वर्षी सडजाईला वाहायला एक तेरडा मिळेना. कारण सगळ्यांना कळत होतं. पण अंगारा उचलून खोटं बोललो, हे कोण कबूल करणार?

त्यानंतर शहरातून वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या हेमांगीबाई आल्या. सुतळीनं हातभर चौकोन आखून त्या आतली रोपं मोजायच्या. तारेच्या आत नुसतं गवत. तारेबाहेर, जिथं भटकी गुरं चरत होती, तिथं मात्र फुलं. "इथं पूर्वी कोण चारत होतं?" त्यांनी विचारलं. गावानं विषय दुसरीकडे नेला. शेवटी त्या शोधत शोधत ठकूबाईच्या दारात पोचल्या.

सगळं ऐकून हेमांगीबाई म्हणाल्या, "आजी, मी मोजून मोजून जे शोधलं, ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं. आता म्हशी परत वर नेऊ या."

"म्हशी? आता कुटल्या म्हशी, बाय?"

हेमांगीबाईंनी खात्यात वरपर्यंत लिहून एका मोसमापुरतं फाटक उघडून घेतलं आणि गावाकडे म्हशी मागितल्या. गोठे भरलेले होते. तरी गाव म्हणालं, "आम्ही अंगारा उचललाय. आमची गुरं वर जायची नाहीत."

"ऱ्हाऊ द्या," ठकूबाई म्हणाली. "म्हशीचं काम मीच करते."

विळा घेऊन ती सड्यावर गेली. म्हैस खाते तसं गवत जमिनीलगत कापायचं, म्हणून गुडघ्यांवर रांगत निघाली. बोंड वाजवायची, गवत कापायची, सांडलेलं बी गुडघ्यानं दाबायची. हेमांगीबाई तिच्या शेजारी रांगत होत्या. गाव खालून बघत होतं. नुसतं बघत होतं! एकवीस दिवसांत तिनं अख्खा सडा कापला, आणि तिच्या मागून चाळीस म्हशींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या, असं म्हणतात. एकविसाव्या दिवशी सड्याच्या टोकाला दम खायला बसली, ती उठलीच नाही.

पुढच्या भादव्यात सड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुलांच्या दोन-दोन रेघा उमटल्या. तिचे गुडघे जिथून गेले, तिथून. गाव वर गेलं आणि धाय मोकलून रडलं. मेल्यावर रडायला काय जातं?

तेव्हापासून मार्गशीर्षाच्या पहिल्या मंगळवारी घरटी एक माणूस विळा घेऊन सड्यावर जातो आणि गुडघ्यांवर रांगत गवत कापतो. थोरला असेल तो मोठ्यानं म्हणतो, "ठकूबाई, आमची जीभ खोटी होती."

एका साली तिची नात आली होती. तिनं ते ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं झालं बोललात. माझ्या चार म्हशी आहेत. उद्यापासून वर सोडू का?"

आम्ही नुसतं तारेकडे बघितलं. तार अजून आहे. नात खाली उतरून गेली आणि आम्ही पुन्हा गुडघे टेकून गवत कापायला लागलो.